गोड्या पाण्याचा वाटा

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. गंमत अशी की ते कुठल्याही पोलीस ठाण्याच्या दप्तरात सापडणार नाही. त्याला गुन्हा रजिस्टर नंबर नाही, त्यात अटक नाही, दोषारोपपत्र नाही. ते मी निवृत्त झाल्यानंतरचं, आणि तेही देशाबाहेरचं. तरीसुद्धा कोणी नोकरीतली एखादी केस सांगा म्हटलं की मला आधी तीच आठवते, कारण तपास मात्र मी नोकरीत शिकलो होतो तसाच केला.

पत्नी गेल्यापासून मी हिवाळ्याचे महिने मुलीकडे दुबईत काढतो. मुलगी आणि जावई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहतात. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे दिवसभर घर रिकामं. खात्यातून बाहेर पडलेल्या माणसाला सगळ्यात जड जातो तो रिकामा वेळ. मी सकाळी इमारतींमधल्या बागेत फेऱ्या मारायचो आणि जुन्या सवयीने माणसं बघायचो. कोण घाईत आहे, कोण घाईचं नाटक करतोय, कोण फोनवर बोलताना आवाज खाली आणतोय.

त्यात एक मराठी गृहस्थ होते. साठीला टेकलेले, नीटनेटके, रोज हसून 'नमस्कार साहेब' म्हणणारे. मी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालोय हे त्यांना जावयाकडून कळलं होतं. ही हकिगत दोन भावांची आहे आणि मी कोणाचंच नाव घेणार नाही, म्हणून यांना मी धाकटे म्हणतो.

एके सकाळी धाकटे माझ्या बाकावर येऊन बसले.

"साहेब, एक जनरल प्रश्न विचारू का?"

आयुष्यभराचा अनुभव सांगतो, पोलिसाला जनरल प्रश्न कोणी विचारत नाही. मी म्हटलं, "विचारा."

"समजा, घराण्याचं जुनं मृत्युपत्र कोणी मुद्दाम गायब केलं, तर कलम कुठलं लागतं? आणि तो माणूस दुबईत असेल, तर कंप्लेंट इथे करायची की इंडियात?"

"तो माणूस तुमचा कोण?"

त्यांनी नजर समोरच्या झाडाकडे वळवली. मग म्हणाले, "भाऊ."

फिर्यादीचा जबाब घेताना मध्ये बोलायचं नाही, ही पहिली शिस्त. माणूस आधी जे सांगायचं ठरवून आलेला असतो ते सांगतो, ते संपलं की खरं सांगायला लागतो. मी त्यांना बोलू दिलं.

त्यांचं मूळ गाव कोकणच्या किनाऱ्यावर. तिथे नारळ-पोफळीचं आगर, आगरात गोड्या पाण्याची विहीर, आणि मागे काजूचा उतार. ही सगळी मिळकत त्यांच्या खापरपणजोबांनी केलेली. हे खापरपणजोबा गलबतांचे मालक होते. नारळ, लाकूड, मसाले घेऊन त्यांची गलबतं अरबांच्या किनाऱ्याला यायची आणि खजूर भरून परत जायची. एकोणिसावं शतक सरत आलं तेव्हा त्यांनी मरणापूर्वी मोडी लिपीत मृत्युपत्र केलं आणि मिळकत दोन मुलांत वाटली. त्या थोरल्या मुलाच्या वंशातले ते दुसरे भाऊ, धाकट्याच्या वंशातले हे. नात्याने चार पिढ्यांचे चुलत, पण लहानपण एकाच अंगणात गेलेलं. इतकं की 'चुलत' हा शब्द मला त्यांच्या तोंडून एकदाच ऐकू आला, आणि तोही चिडून.

"वाटणी कागदावरच राहिली," धाकटे म्हणाले. "सातबारावर सगळ्यांची नावं एकत्र. मोडी कोणाला वाचता येत नाही, म्हणून पणजोबांच्या वेळी केलेली एक मराठी नक्कल घरात आहे. त्यात विहीर आणि आगर दादाच्या बाजूला, उतार माझ्या बाजूला. माझी कधीच तक्रार नव्हती. पण आता माझी नोकरी संपतेय. नोकरी संपली की व्हिसा संपला. इथे जन्म काढला तरी आपण पाहुणेच. गावी छोटं घर बांधायचं आहे, म्हणून वाटणीपत्र करू म्हटलं. वकील म्हणाला, नक्कल चालणार नाही, मूळ कागद दाखवा."

"मूळ कागद कोणाकडे?"

"दादाकडे. पितळी नळीत असतो. गेल्या दिवाळीत तो पुण्याला घेऊन गेला, मोडी वाचणाऱ्याला दाखवायला. परत आला आणि म्हणाला, हरवला." त्यांचा आवाज बदलला. "सव्वाशे वर्षं न हरवलेला कागद माझ्या वाटणीच्या वेळीच कसा हरवतो, साहेब? मला विचाराल तर ओरिजिनलमध्ये विहीर माझ्या वाट्याला आहे. म्हणून लपवलाय."

मग, मी न विचारता, ते पुढे बोलले. याच दादाने त्यांना दुबईला आणलं होतं. बर दुबईच्या एका खोलीत आठ जणांत दोघं राहिले. हे तापाने फणफणले तेव्हा दादा रजा टाकून उशाशी बसला होता. हे सगळं सांगताना त्यांचे डोळे भरून येत होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते 'पण' म्हणत होते.

तक्रार द्यायचा त्यांचा निश्चय झाला होता. मी त्यांना समजावलं. आपल्याकडे ठाण्यात येऊन 'साहेब, आपसात मिटलं' म्हणता येतं, ठाणे अंमलदार दोन शब्द ऐकवतो आणि सोडून देतो. परक्या मुलखात कागद पुढे सरकला की तो आपला राहत नाही. भावाचा धंदा, पासपोर्ट, सगळं टांगणीला लागू शकतं.

"थोडे दिवस द्या," मी म्हटलं. "आधी मी भेटतो त्यांना."

थोरले जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहायचे. खाली तळं, वर त्यांचा फ्लॅट, शेजारच्याच टॉवरमध्ये त्यांचं मालवाहतुकीचं ऑफिस. धाकट्यांनीच मला गाडीने सोडलं, पण वर यायला तयार होईनात. "मी पार्किंगमध्ये थांबतो. तुम्ही या जाऊन."

घटनास्थळ पाहिल्याशिवाय संशयिताबद्दल मत करू नये, असं माझे पहिले वरिष्ठ सांगायचे. मी घर पाहिलं. थोरल्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, चहा ठेवला, खजूर पुढे केले आणि कागदाचा विषय निघताच कपाट उघडून दाखवलं. सगळं घडी घालून ठेवलेलं, खणांवर चिठ्ठ्या लावलेल्या.

"या खणात ती नळी असायची," वहिनी म्हणाल्या. "मी अख्खं घर पालथं घातलं. बॅगा झटकल्या, गादीखाली पाहिलं. हे मात्र सोफ्यावरून हलले नाहीत. तेच गेल्या महिन्यात चष्मा हरवला तर काय केलं विचारा! सिक्युरिटीवाल्याला बसवून लिफ्टचा कॅमेरा बघायला लावला. चष्म्यासाठी! यल्ला यल्ला, चला चला करून सगळ्या टॉवरला कामाला लावलं."

थोरले समोरच बसले होते. साठी ओलांडलेला उंच माणूस, पण खांदे पडलेले. मी त्यांच्याकडे वळलो. म्हटलं, "तुमचे बंधू तुमच्याविरुद्ध तक्रार देणार आहेत. त्याआधी तुमचं म्हणणं ऐकायला आलोय."

चोरीचा आळ आला की निरपराध माणूस भडकतो. चोर त्याच्याहून जास्त भडकतो. यांनी मान खाली घातली.

"देऊ दे. त्याचा हक्क आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "त्याच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना? तो विसरतो."

"खालीच आहेत. पार्किंगमध्ये."

"बाबू खाली आहे?" ते उठून उभे राहिले. बाबू हे धाकट्यांचं घरातलं हाकेचं नाव. ते खिडकीपाशी गेले, पण तेवढ्या उंचीवरून गाडी काही दिसेना. मग स्वयंपाकघरात जाऊन वहिनींशी काही कुजबुजले. मी निघताना माझ्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेलं एक गरम पुडकं आलं.

"थालीपिठं आहेत. कांदा जास्त घातलेली. त्याला तशीच लागतात," थोरले म्हणाले. "मी दिली म्हणू नका. वहिनीने दिली म्हणा."

लिफ्टमधून खाली येताना माझ्यापुरता तपास अर्धा झाला होता. ज्याची वस्तू हरवते तो ती शोधतो. चष्म्यासाठी कॅमेरे बघणारा माणूस घराण्याचा मूळ कागद शोधायला जागचा हलत नाही, याचा अर्थ तो कुठे आहे हे त्याला माहीत आहे. म्हणजे धाकट्यांचा संशय बरोबर होता. फक्त त्या पुडक्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. लोभाने कागद दाबणारे भाऊ मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यातला एकही ज्याला फसवलं त्याच्या कांद्याची काळजी करणारा नव्हता.

गाडीत धाकट्यांनी थालीपीठ खाल्लं, रागाने, भराभर, आणि शेवटचा तुकडाही ठेवला नाही.

दोन दिवसांनी मी थोरल्यांना फोन करून म्हटलं, तळ्याकाठी फेरी मारू या. संध्याकाळची वेळ होती, हवा छान होती, लहान मुलं सायकली चालवत होती. चौकशी म्हणजे प्रश्नांचा मारा असं लोकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. योग्य जागी एक वाक्य बोलावं आणि गप्प बसावं. ज्याच्या मनावर ओझं आहे त्याला समोरच्याचं गप्प बसणं सहन होत नाही.

बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "कागद तुमच्याकडेच आहे. मला फक्त कारण कळत नाहीये."

आणि पाण्याकडे बघत बसलो.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. शेवटी म्हणाले, "खलास, साहेब. मला नाही झेपत आता. ऑफिसच्या तिजोरीत आहे. एकदा जाळायला घेतला होता. लायटर पेटवला. पण कागदाखाली त्यांची सही आहे हो, थरथरत्या हाताची. नाही जमलं."

"का जाळायचा होता?"

त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. पुण्याच्या मोडी वाचणाऱ्याने करून दिलेलं लिप्यंतर. तो कागद ते बरोबर घेऊनच फिरत होते. घरातल्या नकलेत नसलेला एक भाग त्यात होता. तो मी दोनदा वाचला. आजही मला तो जवळजवळ पाठ आहे:

'धाकटा हा माझे पोटचा नव्हे. याचा बाप माझे गलबतावर तांडेल होता. मस्कतचे वाटेवर तुफानात माझा जीव राखोन तो खारे पाण्यात गेला. सबब गोडे पाण्याची विहीर व तिचे लगतचे आगर याचे. थोरल्याने हरकत करू नये.'

तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा मुख्य. मालकाचा जीव वाचवताना तो बुडाला, आणि मालकाने त्याचं पोर घरी आणून आपल्या नावाने वाढवलं. पुढे कोणीतरी नक्कल करताना हा भाग गाळला आणि वाटे उलटे लिहिले.

"आता सांगा, बाबूला हे कसं सांगू?" थोरले म्हणाले. "तो रोज देवापुढे आमच्या पूर्वजांची नावं घेतो. एकही दिवस चुकवत नाही. घराण्याचा अभिमान माझ्यापेक्षा त्याला जास्त. त्याला मी सांगू, की हे तुझे नाहीत? त्यात त्याच्या मुलीचं लग्न ठरतंय. मुलाकडचे इथल्याच ऊद मेथा भागातले, माणसं चांगली आहेत, पण मुलाच्या आजीने पहिल्या भेटीतच कूळ, देवक, मूळ गाव, सगळं विचारून घेतलं."

"आणि विहीर?" मी मुद्दाम विचारलं. "ती तुम्हाला सोडायची नव्हती, असं कोणी म्हटलं तर?"

त्यांना राग आला. त्या सगळ्या प्रकरणात मी त्यांना रागावलेलं एकदाच पाहिलं.

"विहीर मी आजही लिहून देतो! बक्षीसपत्राचा मसुदा तयार आहे माझ्याकडे, आगरासकट. पण बाबू विचारणार ना, दादा, चांगली बाजू मला का देतोस? मग काय सांगू? वकिलाला हा कागद दाखवला तर तो म्हणाला, अभिनंदन. दत्तविधान झालेलं दिसत नाही, प्रयत्न केला तर सगळीच मिळकत तुमची होऊ शकते. हसत म्हणाला हो! मला त्याच्या टेबलावरची फाईल त्याच्याच अंगावर फेकावीशी वाटली. तेव्हाच ठरवलं, हा कागद कोणाच्या दृष्टीस पडता कामा नये."

मग त्यांनी माझा हात धरला. "साहेब, तुम्ही त्याला सांगा, तपास लागला नाही. तुमच्याकडे असतं ना तसं काहीतरी?"

असतं. त्याला अ समरी म्हणतात. गुन्हा खरा, पण आरोपी मिळून येत नाही. मी सह्यासुद्धा केल्या आहेत तशा अहवालांवर. पण इथे तसं लिहिलं असतं तर दोन भाऊ कायमचे तुटले असते. एक दुसऱ्याला चोर समजत मेला असता आणि दुसरा ते मुकाट सोसत.

"मी खोटं सांगणार नाही," मी म्हटलं. "खरंही मी सांगणार नाही. ते तुम्हीच सांगायचं. माझ्या घरी या दोघं."

शुक्रवारी दुपारी मुलगी-जावई बाहेर गेलेले असताना दोघं आले. धाकट्यांना त्यांची मुलगी गाडी चालवत घेऊन आली होती. ही मुलगी इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली, आता एका डिझाइन कंपनीत नोकरीला. मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजीत. मी तिला बाहेर बसायला सांगणार होतो, पण थोरलेच म्हणाले, "राहू दे. तिच्याशीही संबंध आहे."

त्यांनी पितळी नळी टेबलावर ठेवली. धाकट्यांनी आधी नळीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. आपला संशय खोटा निघावा असंच त्यांना वाटत होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"वाच," थोरल्यांनी लिप्यंतर पुढे केलं. "आणि मग मला काय बोलायचं ते बोल."

धाकट्यांनी वाचलं. मुलगी त्यांच्या खांद्यावरून बघत होती, पण तिला जुनी भाषा उमगेना. त्यांनी पुन्हा वाचलं. मग मला विचारलं, "साहेब, हे खरं आहे?"

"कागद खरा आहे," मी म्हटलं.

ते उठून बाल्कनीत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. थोरले त्यांच्यामागे निघाले. मी त्यांना थांबवलं. एखाद्याच्या घरी मृत्यूची खबर द्यायला आम्हाला जावं लागायचं. त्यात मी एक गोष्ट शिकलो होतो. बातमी सांगितल्यावर माणसाला थोडा वेळ एकटं सोडावं, लगेच खांद्यावर हात ठेवू नये.

तोवर थोरल्यांनी मुलीला हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं. तांडेल, तुफान, आणलेलं पोर.

धाकटे आत आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"त्या दिवशीची थालीपिठं तू पाठवली होतीस ना?"

"हो."

"मी खाताना काय म्हणत होतो माहितीये? चोराच्या घरचं आहे, पण काय चव आहे." ते थोरल्यांसमोर येऊन उभे राहिले. "दिवाळीपासून मी तुला चोर समजतोय, दादा. गाडी चालवताना, ऑफिसात, देवापुढे बसल्यावरसुद्धा. तुझ्याबद्दल! हे तू माझ्याकडून करून घेतलंस. विहीर मिळाली नसती तर काय झालं असतं रे? तू मिळाला नसतास तर मी काय केलं असतं?"

"चुकलं माझं," थोरले म्हणाले. "मला वाटलं, तुझं घराणं तुझ्याकडून काढून घेतल्यासारखं होईल."

"कोण काढून घेणार? चार पिढ्या जेवलो तुमच्या घरी."

"आपल्या घरी," थोरले म्हणाले.

मुलगी मध्येच बोलली. "बाबा, अ मॅन डाइड सेव्हिंग समवन, अँड दे रेझ्ड हिज सन. धिस इज द बेस्ट थिंग आय हॅव एव्हर हर्ड अबाउट अवर फॅमिली. आणि त्यांना प्रॉब्लेम असेल," म्हणजे सासरच्यांना, "तर खलास. आय मीन इट."

तिचं ते 'खलास' ऐकून थोरल्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता ते रडायला लागले. धाकटे जाऊन त्यांच्या शेजारी बसले. मी चहा करायला आत गेलो. जावयाचं ते कॉफीचं यंत्र मला चालवता येत नाही. आत उगाच कपांचा आवाज करत मी बराच वेळ काढला.

बाहेर आलो तेव्हा धाकटे पुन्हा कागद बघत होते. "देवापुढची नावं मी घेणारच," ते म्हणाले. "त्यांनी वाढवलं. फक्त आता एक नाव वाढेल." त्यांनी बोटाने ओळी चाचपल्या. "पण साहेब, नाव कुठे आहे? तांडेल एवढंच आहे."

आम्ही तिघांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. नाव नव्हतं. खापरपणजोबांनी त्याच्या मुलाला विहीर दिली, आगर दिलं, स्वतःचं नाव दिलं, पण ज्याने जीव दिला त्याचं नाव लिहायचं राहून गेलं. किंवा त्या काळी गावात सगळ्यांनाच ते माहीत होतं म्हणून लिहावंसं वाटलं नसेल.

पुढचं थोडक्यात सांगतो. मुलाकडच्यांना धाकट्यांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. आजीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जीव देणाऱ्याचं कूळ वाईट कसं असेल?" आणि आणखी चहा टाकायला सांगितलं. मुलाचा एक काका मात्र शेवटपर्यंत धुसफुसत राहिला आणि लग्नाला आला नाही. लग्न त्याच्यावाचून व्यवस्थित झालं.

वाटणीपत्र मूळ मृत्युपत्राप्रमाणे झालं. दुसऱ्या वकिलाकडून. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोघांनी अंगठे दिले, सह्या केल्या. विहीर आणि आगर धाकट्यांकडे गेलं, काजूचा उतार थोरल्यांकडे. वहिनींनी विहिरीजवळ घर बांधायची स्वप्नं पाहिली होती, त्यांना थोडं लागलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "आता पाणी भरायला परवानगी मागावी लागणार वाटतं," असं त्या म्हणाल्याचं मला धाकट्यांनीच सांगितलं. त्यावर धाकटे म्हणाले, "वहिनी, थालीपिठांवर ठरवू." पणजोबांच्या वेळी ज्याने नक्कल केली त्याने तो भाग का गाळला, त्या पोराला परकं वाटू नये म्हणून की विहिरीचा मोह पडला म्हणून, हे आता कोणी सांगू शकत नाही. मी पोलीस आहे, मला विचाराल तर दोन्ही.

धाकटे कायमचे गावी जाण्याआधी एका सकाळी आम्ही तिघं फुजैराला गेलो. दुबईच्या मागचे डोंगर ओलांडले की पलीकडे तो किनारा लागतो. मस्कतकडे जाणारी वाट त्याच पाण्यातून जाते. नेमकी जागा कोणालाच माहीत नव्हती, पण समुद्र तोच, म्हणून तिथे जायचं ठरलं. धाकट्यांनी नारळ आणला होता, थोडे तीळ, तांब्यात पाणी. गावच्या भटजींना फोन लावून विधी विचारून घेतला होता.

पॅन्ट दुमडून दोघं गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मी वाळूवर. धाकट्यांनी ओंजळ भरली आणि थांबले.

"दादा, नाव घ्यावं लागतं. नाव आणि गोत्र. काय म्हणू?"

लाटा येत होत्या, जात होत्या. लांबवर मोठी जहाजं नांगर टाकून उभी होती.

"आमचा म्हण," थोरले म्हणाले.

"नुसतं आमचा?"

"हो. आमचा. त्याला कळेल."

धाकट्यांनी तसंच म्हटलं आणि पाणी सोडलं. मग ओंजळ पुन्हा भरून ती थोरल्यांच्या हातात दिली. थोरल्यांनीही तेच म्हटलं. त्या विधीत शास्त्राप्रमाणे काय बरोबर होतं आणि काय चुकलं, ते मला माहीत नाही.

खात्यात आम्हाला हेतू शोधायला शिकवतात. माणूस काही लपवताना सापडला की पहिला प्रश्न ठरलेला, याला काय मिळवायचं होतं? हा प्रश्न चुकीचा नाही, त्याने मी पुष्कळ गुन्हे उघडकीला आणले. पण त्या हिवाळ्यानंतर मी त्याला दुसरा जोडला आहे. याला कोणाला वाचवायचं होतं? हा प्रश्न विचारायला वेळ लागतो, त्यासाठी माणसाच्या घरी जाऊन बसावं लागतं, त्याचा चहा प्यावा लागतो. ठाण्यात फिर्यादींची रांग लागलेली असताना ते जमत नाही, हे मला माहीत आहे. तरीही आता नव्याने भरती झालेली पोरं मला भेटायला येतात आणि साहेब, एखादी गोष्ट सांगा म्हणतात, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगतो, की लपवलेली वस्तू सापडली म्हणजे तपास संपला असं समजू नका. ज्याने लपवली त्याच्या समोर थोडा वेळ गप्प बसा.

परवा धाकट्यांचा फोन आला होता. विहिरीचा गाळ काढला, नवा रहाट बसवला, पाणी चाखून पाहिलं. मी विचारलं, "कसं आहे?"

ते म्हणाले, "गोड आहे, साहेब. दादा आलाय चार दिवसांसाठी. तो म्हणतोय, इथलं पाणी प्यायल्यावर आता परत जायला नको वाटतंय."

मागून थोरल्यांचा आवाज आला, "चार नाही, महिनाभर राहणार आहे म्हणावं."

मी फोन ठेवला आणि फिरायला गेलो.